मागच्या चाकाचा ड्रम उघडण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. मागच्या चाकातून घासल्याचा आवाज येतोय. हँडब्रेक आठ-नऊ खटके ओढल्याशिवाय गाडी धरत नाही. पेडल पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. आणि शेवटी तू लिहिलंयस, ‘नवे शू आणून ठेवलेत, सुट्टीच्या दिवशी बसवून टाकतो.’ त्या ‘बसवून टाकतो’ने मी अस्वस्थ झालो, म्हणून हे लांबलचक उत्तर. काम तुला जमेल, तुझा हात चांगला आहे. पण जुने शू, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबून ब्रेक लावणाऱ्या त्या कमानी, का झिजले, कसे झिजले हे न बघता नवे चढवलेस तर थोड्याच दिवसांत हेच पत्र मला पुन्हा येईल.

माझ्या बाबतीत तेच झालं होतं. काही वर्षांपूर्वी मी दोन्ही मागची चाकं एकाच दुपारी उघडली. दोन्हीकडच्या स्प्रिंगा, पिना, ॲडजस्टर (शू आणि ड्रममधली फट जुळवणारा स्क्रू), सगळं एकाच ट्रेमध्ये टाकलं. नवे शू बसवले, चाक हाताने फिरवून फट जुळवली. ब्रेक झकास लागायला लागले. महिन्याभरात पेडल खोल जायला लागलं. हँडब्रेकही वर यायला लागला, म्हणून मी गाडीखाली जाऊन केबल आवळली. हँडब्रेक खाली आला, पेडल मात्र तसंच. पुढे एका संध्याकाळी घरचे सगळे गाडीत असताना उतारावर पाय थेट तळाशी गेला. दुसऱ्या दाबाला ब्रेक धरले, गाडी थांबली. पण मधल्या त्या क्षणात छातीत जे धस्स झालं ते अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रम काढला तेव्हा शू जवळपास नवेच होते. उजव्या बाजूचा ॲडजस्टर डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे बसला होता. दोघांचे आटे उलट दिशेचे असतात. आपोआप फट कमी करणारी ती छोटी पट्टी दात्यांचं चाक फिरवते तेव्हा स्क्रू बाहेर यायला हवा, म्हणजे शू ड्रमच्या जवळ जातात. अदलाबदल झाली की तीच पट्टी स्क्रू आत घालते आणि फट दिवसेंदिवस वाढत जाते. बहुतेक ॲडजस्टरांवर कुठेतरी डावे-उजवे अशी खूण असते, पण ती गंजाखाली लपते. म्हणून एका वेळी एकच बाजू उघड. दुसरी बंद असली की अडलास तर तिकडचा ड्रम काढून बघायला नमुना तयार असतो. आणि उघडल्या उघडल्या, कशालाही हात लावण्याआधी, फोटो काढ. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, तिचा आकडा पुढून घातलाय की मागून, सगळं दिसेल असा.

माझ्या केबल आवळण्याचंही ऐक, कारण तुझा हँडब्रेक वर येतोय आणि तुलाही तोच मोह होईल. केबलचं टोक आत शूवरच्या एका लिव्हरला जोडलेलं असतं. हँडब्रेक सोडल्यावर ती लिव्हर पूर्ण मागे येऊन टेकायला हवी. केबल ताणलेली राहिली तर ती अधांतरी राहते आणि आपोआप फट जुळवणारी रचना काम करेनाशी होते. वर शूही थोडे दाबलेले राहतात, ड्रम तापत राहतो. तेव्हा आधी केबल सैल, मग ॲडजस्टरने शूची फट, मग पेडल आठ-दहा वेळा दाबून शू मध्यावर आणणं आणि सगळ्यात शेवटी केबल. हा क्रम बदलू नकोस.

तुझ्या पेडलचं लक्षणही तेच सांगतंय. दुसऱ्या दाबाला वर येणारं पेडल म्हणजे बहुधा शू आणि ड्रममधली फट वाढलेली. दाबताना स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, आतली सीलं गेली आहेत. मग नुसते शू बदलून काही उपयोग नाही. गाडी उभी असताना आधी हे तिन्ही तपासून घे.

चाक काढण्याबद्दल थोडक्यात. सपाट, कडक जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण, जॅकवर उचलल्यावर मजबूत जागी स्टँड. विटा नाहीत, लाकडाचा ओंडका नाही, आणि नुसत्या जॅकवर तर अजिबात नाही. हँडब्रेक सोडलेला, कारण ओढलेला असला तर ड्रम निघणारच नाही.

ड्रम बाहेर येत नाही, तिथे बरेच जण हातघाईवर येतात. तुझा ड्रम सुटा आहे की बेअरिंग त्यातच आहे ते आधी बघ. बेअरिंग आत असेल तर मधली मोठी नट काढावी लागते, आणि ती बऱ्याचदा एकदाच वापरायची असते; परत लावताना गाडीच्या पुस्तकातल्या मापाने टॉर्क द्यावा लागतो. सुटा असेल तर तो दोन कारणांनी अडतो. एक, हबवर, म्हणजे ड्रम आणि चाक बसतं त्या मधल्या भागावर, गंज धरलेला. मध्यभागी हबभोवती गंज सोडवणारं तेल सोड, थोडं थांब, आणि स्टडच्या (चाक अडकवायच्या बोल्टांच्या) मधल्या भागावर हातोड्याने फिरत फिरत ठोक. कडेवर मारू नकोस, ड्रम बिडाचा असतो, तडकतो. बऱ्याच ड्रमांवर आट्यांची दोन भोकं असतात, ८ मिलिमीटरचे बोल्ट त्यांत सारखे सारखे पिळत गेलास की ड्रम स्वतःच पुढे सरकतो. दुसरं कारण, ड्रम आतून झिजत गेल्यामुळे त्याच्या काठाला राहिलेली कड, जिच्यात शू अडकतात. मागच्या प्लेटवर रबरी बूच असेल ते काढ, छोट्या पेचकसाने पट्टी जरा बाजूला धर आणि दुसऱ्याने दात्यांचं चाक उलट फिरव. शू आत सरकले की ड्रम निघेल.

ड्रम निघाला की काळी भुकटी दिसेल. तिला फुंकर घालू नकोस, हवेचा झोत मारू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याच्या धुळीने वर्षांनंतर फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग होतो. तुझ्यात कुठलं लायनिंग आहे ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून तोंडाला चांगला मास्क, खाली ट्रे, वरून ब्रेक क्लीनर मारून सगळं ओलं करूनच पूस. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नकोस. आगीचं आहेच, शिवाय ते चाकातल्या, शू ढकलणाऱ्या सिलिंडरच्या रबराला घातक.

आता जुने शू हातात घे. या कामात मला सगळ्यात जास्त रस इथेच वाटतो. दोन्ही चाकांचे सारखे झिजलेत? मग निव्वळ वापराने झिजलेत, चिंता नाही. एकाच चाकाचे पातळ आणि दुसऱ्याचे जाड? मग एक तर जाड बाजूचा सिलिंडर जाम आहे आणि ते चाक काम करत नाही, नाहीतर पातळ बाजू सोडल्यावरही घासत राहते. गंजलेली केबल, ढिली पडलेली रिटर्न स्प्रिंग किंवा आतून बुजलेली रबरी नळी यांपैकी काहीतरी. लायनिंग एका कडेला पातळ, दुसरीकडे जाड असेल तर ड्रम तोंडाशी फाकलाय किंवा मागची प्लेट वाकलीय. वरचा थर काचेसारखा चमकत असेल तर शू खूप तापून गेलेत. एकाच चाकातले दोन शू थोडे कमी-जास्त झिजलेले असतील तर घाबरू नकोस. ड्रम फिरतो त्या दिशेने एक शू ओढला जातो आणि स्वतःच आणखी दाबला जातो, दुसरा उलटा ढकलला जातो. पहिला जास्त काम करतो, जास्त झिजतो. ड्रम ब्रेकचं बळ यातच आहे. लुई रेनॉने १९०२ साली आणलेल्या ड्रम ब्रेकपासून आजवर हे गणित तसंच आहे.

लायनिंग ओलं आणि काळं दिसलं तर तिथे थांब. पॉलिश पेपरने घासून किंवा जाळून ते परत कामाचं होत नाही, आत मुरलेलं तेल तापलं की पुन्हा वर येतं. असा शू एक तर धरत नाही किंवा एकदम झटक्याने धरतो, आणि गाडी एका बाजूला ओढते. नवे शू बसवण्याआधी ते ओलं आलं कुठून ते शोधायला हवं. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या हलकेच उचलून बघ. आतून थेंब आला तर सिलिंडर बदल. गळती ॲक्सलच्या सीलची असेल तर ते तेल दाट असतं, उग्र वासाचं. ब्रेक ऑइल पातळ, आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचकटून काढतं.

बदलायचे तर दोन्ही चाकांचे शू एकदम बदल, एका बाजूचे कधीच नाही. स्प्रिंगांचा संचही नवा घे. तापून तापून त्यांचा दम गेलेला असतो आणि शू सोडल्यावर मागे ओढण्याचं काम त्यांचंच. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो, ड्रमचा आतला व्यास त्याच्या आतच असायला हवा. आत निळसर डाग किंवा भेगा दिसल्या तर ड्रमही बदल. मागच्या प्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तिथे खड्डे पडलेले असतील तर घासून सपाट कर आणि उच्च तापमानाचं ग्रीस नखाएवढं लाव, जास्त नाही. कुईकुई आवाज बऱ्याचदा त्या कोरड्या उंचवट्यांचाच असतो, लोक मात्र शूला दोष देतात. लायनिंगला हात लावताना बोटं स्वच्छ हवीत. दोन्ही शू खालच्या ॲडजस्टरलाच टेकणारी रचना तुझ्या गाडीत असेल, तर आखूड लायनिंगचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला बसतो, लांब लायनिंगचा मागे. हे उलटं झालं तर ब्रेक कमी लागतील.

ड्रम बाहेर असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नकोस, सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात. मुलं गाडीत जाऊन बसतात, त्यांना आधीच सांगून ठेव.

सिलिंडर बदललास तर हवा काढावी लागेल. सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. आत बसलेला माणूस पेडल दाबून धरतो, तू निपल उघडतोस, बंद करतोस, आणि मगच तो पाय उचलतो. क्रम चुकला तर हवा परत आत. ऑइल सीलबंद डब्यातलं हवं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर १५५. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाल. त्यात इंजिन ऑइलचा एक थेंबही जायला नको, सगळी सीलं फुगतात.

फट जुळवताना ड्रम हाताने फिरव. अगदी हलकी घसर ऐकू यायला हवी, चाक अडता कामा नये. चाकाच्या नट समोरासमोरच्या क्रमाने आवळ, शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर. गाडी हलवण्याआधी पेडल दाबून घट्ट लागतंय ना बघ, आणि पहिला ब्रेक मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगात. पहिले दोनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नकोस, शूला ड्रमचा आकार घ्यायला वेळ लागतो. लांब उतारावर खालचा गिअर ठेव. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो, पेडल खोल जातं. नव्या शूने हे थांबत नाही.

जुने शू टाकून देऊ नकोस. मागे खडूने ‘उजवा पुढचा’, ‘उजवा मागचा’, तसंच डाव्यांवर लिही आणि चारही शेजारी मांडून मला फोटो पाठव. सिलिंडरच्या टोप्या उचलल्यावर काय दिसलं तेही लिही. ते बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझाच,
दोस्त