नखाएवढ्या टवक्यासाठी अख्खा दरवाजा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लोखंडी कपाटे रंगवण्याच्या खात्यात एकतीस वर्षे काढली. त्यामुळे पत्रा उघडा पडलेला दिसला की मला चैन पडत नाही. गेल्या मे महिन्यात रबाळ्याजवळ पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि आमच्या २०१४ सालच्या सिल्व्हर गाडीच्या डाव्या दरवाजाचा टवका उडाला. (डंपरवर ताडपत्री नव्हती, त्याबद्दल वेगळे पत्र लिहीन.) टवका करंगळीच्या नखाएवढा, पण आत पत्रा चमकत होता.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने फोटो काढला आणि म्हणाला, "काका, पूर्ण पॅनल रंगवावं लागेल, साडेपाच हजार. नाहीतर इन्शुरन्समध्ये टाकू." तेवढ्याच जागेला रंग लावून द्याल का, असे विचारल्यावर "तसं आम्ही करत नाही" एवढेच उत्तर मिळाले. क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. सलग पाच वर्षे क्लेम न करणाऱ्याला गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. ती एका टवक्यापायी का घालवायची?

अनेकजण यापुढे काहीच करत नाहीत, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. गाडीवरचे सगळे थर, म्हणजे खालचा प्रायमर, मधला सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर), रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट, मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा! तो फुटला की आपल्याकडची खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस थेट पत्र्याला भिडतो आणि गंज रंगाखालून सरकत जातो. आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी असाच टवका एक पावसाळा तसाच ठेवला. दिवाळीत गाडी धुताना भोवतालच्या रंगाचा पोपडा त्यांच्या हातात आला. बंपर प्लास्टिकचा, तिथे घाई नाही. दरवाजा, बॉनेट आणि छप्पर यांना मात्र थांबू नये.

मी स्वतः रंग लावायचे ठरवले, पण पहिल्यांदा चुकलो. आरसीवर रंग 'सिल्व्हर' एवढाच लिहिलेला. नुसत्या नजरेने दोन बाटल्या आणल्या. एक निळसर निघाली, दुसरी पिवळट. सिल्व्हरच्या कितीतरी छटा असतात. खरी ओळख म्हणजे कंपनीचा कलर कोड. तो बहुतेक गाड्यांवर दरवाजाजवळच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. माझ्या गाडीची पट्टी इतकी झिजली होती की टॉर्च आणि भिंग घेऊन वाचावी लागली. तुर्भ्यातल्या दुकानदाराने त्या कोडवरून काट्यावर वजन करून १०० मिली रंग बनवला. उन्हात वर्षे काढलेल्या गाडीचा रंग कोडपेक्षा जरा हटलेला असतो, म्हणून पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून सोबत नेले होते. त्याच्याशी ताडून त्याने किंचित फरक केला. तरी सांगतो, मेटॅलिक रंग ब्रशने लावला की थोडा गडदच दिसतो. स्प्रेगनने त्यातले ॲल्युमिनियमचे कण आडवे बसतात, ब्रशने ते कसेही उभे-तिरपे राहतात.

लावण्यात घाई नको. जागा शाम्पूने धुऊन वाळवली, गंजाचा ठिपका पेन्सिलच्या खोडरबराला चिकटवलेल्या पॉलिश पेपरच्या टिकलीने घासला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमर. मग टूथपिकच्या टोकाने रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये अर्धा-पाऊण तास. जाड थेंब सोडला तर वरून सुकतो, आत ओला राहतो. शेवटी क्लिअर कोट. आठवड्याने २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवला, वर रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट. हे सगळे कोरड्या दिवशी, सावलीतच करावे. दमट हवेत रंग पांढुरका पडतो आणि तापलेल्या पत्र्यावर नीट पसरायच्या आत सुकतो.

जवळून पाहिले तर डाग ओळखू येतो. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण पत्रा झाकला गेला आणि पावसाळा संपला तरी तिथे गंज नाही.

गाडी विकणाऱ्यांना माझी विनंती आहे की रंगाचा कोड बिलावर ठळक छापावा आणि त्या रंगाची छोटी बाटली पार्ट्सच्या काउंटरवर ठेवावी. सर्व्हिस सेंटरने पॅनलचा दर सांगताना 'एवढ्याला घरीही चालेल' हेही सांगावे. आणि आपण मे महिन्यात पावसाळी तयारीच्या सूचना छापता, त्यात गाडीचे टवके तपासण्याची एक ओळ घालावी.

आपला,
एक नियमित वाचक
ऐरोली, नवी मुंबई