पाणबुडी मोटार नेमकी कशाने जळते?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रब्बीची भरणी सुरू झाली की तालुक्याच्या गावांतील वायंडिंगच्या (मोटारीतील तारांची गुंडाळी नव्याने भरणाऱ्या) दुकानांपुढे जळालेल्या पाणबुडी मोटारींची रांग लागते आणि सगळा दोष विजेच्या कमी दाबावर ठेवून विषय संपवला जातो. दाब कमी असतो हे कोणीही नाकारणार नाही, आणि त्याबद्दलचा शेतकऱ्यांचा राग रास्तच आहे. तथापि, गेली अनेक वर्षे या मोटारी उघडण्याचा व्यवसाय करताना दिसणारे दुसरे एक कारण सहसा चर्चेत येत नाही, म्हणून हे पत्र.

बोअरमध्ये सोडण्याची मोटार सर्व बाजूंनी बंद असते. तिला पंखा नसतो, हवेचा मार्ग नसतो. वायंडिंगभोवती पाणी किंवा तेल भरून ती सीलबंद केलेली असते, आणि आतली उष्णता त्या द्रवातून पोलादी नळकांड्यात व तेथून बाहेरच्या पाण्यात जाते. रचनेत मोटार खाली व पंप वर असतो आणि पाणी आत घेण्याची जाळी दोहोंच्या मध्ये असते. पाणी खालून, मोटारीच्या अंगाला घासत वर यावे आणि मग जाळीत शिरावे, या एकाच गृहीतावर तिचे सारे थंड राहणे अवलंबून आहे.

हिशोब साधा आहे. ५ अश्वशक्तीच्या मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर सव्वा किलोवॉटच्या आसपास वीज उष्णतेत जाते, म्हणजे बादलीतले पाणी तापवण्याचा रॉड अखंड चालू ठेवल्यासारखे होते. ही उष्णता सेकंदाला दीड लिटर वाहत्या पाण्याने उचलली, तर त्या पाण्याचे तापमान जेमतेम ०.२ अंशाने वाढते. पाणी कमी पडते असे मुळीच नाही. प्रश्न ते पाणी मोटारीला स्पर्श करून जाते की नाही, एवढाच आहे.

आणि अनेक ठिकाणी ते जात नाही. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात खाली काळा पाषाण आहे आणि त्यातील पाणी भेगांतून, वेगवेगळ्या खोलीवरच्या झऱ्यांतून येते. पातळी खाली गेली की शेतकरी आणखी पाइप जोडून पंप खाली सोडतो. मग सर्व झरे पंपाच्या वर राहतात, पाणी वरून येऊन थेट जाळीत शिरते आणि जाळीच्या खाली असलेली मोटार साचलेल्या पाण्यात तापत राहते. तळाशी गाळ असेल आणि मोटार त्यात टेकली असेल, तर तेवढाही गारवा मिळत नाही. विहिरीत उभी सोडलेली बोअरची मोटार हा याचाच दुसरा प्रकार. भोवती पाणी अथांग दिसते, पण ते मोटारीजवळून वाहत नाही. विहिरीसाठी आडव्या मोटारी वेगळ्या मिळतात, त्यांचे भारतीय मानकही वेगळे (आयएस १४२२०) आहे. तरी घरात पडून असलेली बोअरची मोटार विहिरीत सोडण्याचा मोह आवरत नाही.

अशी मोटार उघडली की वायंडिंगच्या तारांवरचे प्लास्टिकचे आवरण मऊ होऊन तारा एकमेकींना चिकटलेल्या आढळतात आणि आतले पाणी तपकिरी व जळकट वासाचे निघते. बाहेर पोलादावर क्षारांचा पांढरा थर चढलेला असतो, आणि उष्णता बाहेर पडण्यास हा थरही अडसरच ठरतो. एक फेज गेल्याने जळालेली मोटार लगेच ओळखू येते, कारण तिन्ही फेज सारखे काळवंडत नाहीत. मात्र कमी दाबाने जळालेली आणि न थंडावल्याने जळालेली, या दोन्हींत तिन्ही फेज सारखेच काळे पडतात, त्यामुळे नुसते वायंडिंग पाहून निवाडा करता येत नाही. मोटार किती खोलीवर होती, झरे कुठे आहेत, हे विचारावे लागते. ते कोणी विचारत नाही. आणि वॉरंटीच्या कागदावर ‘कमी दाब’ असे लिहून विक्रेताही मोकळा होतो.

दोन्ही कारणे एकत्र आली की मोटार टिकत नाही. ४१५ ऐवजी ३५० व्होल्ट मिळाले आणि पंपावरचा भार तोच राहिला, तर प्रवाह सुमारे १९ टक्क्यांनी आणि वायंडिंगमधील उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. त्यातच ऑटोस्विचमुळे वीज येताच डीपीवरील (रोहित्रावरील) सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दाब आणखी घसरतो. ऑटोस्विच टाळून कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण दरवर्षी सांगते ते योग्यच आहे, जरी रात्रीच्या पाळीत वीज देऊन शेतकऱ्याला ऑटोस्विचकडे कोणी ढकलले हाही प्रश्न उरतोच. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेवर (भार वाढल्यास मोटार बंद करणाऱ्या साधनावर) विसंबणेही धोक्याचे आहे, कारण तो केवळ प्रवाह मोजतो. मोटारीभोवती पाणी वाहते की थांबले आहे, याची त्याला काहीच कल्पना नसते.

यावरचा उपाय महागडा नाही. मोटारीवर पीव्हीसी पाइपाचे जॅकेट चढवायचे, ते वरून जाळीच्या वर केबलसह घट्ट बंद करायचे आणि खालून, मोटारीच्या तळाखाली, उघडे ठेवायचे. झरा कुठेही असला तरी पाण्याला मग खालूनच शिरावे लागते. साडेसहा इंची बोअरमध्ये ९.६ सेंमी व्यासाची मोटार असेल आणि सेकंदाला दीड लिटर पाणी खालून येत असेल, तर मोटारीलगत त्याचा वेग सेकंदाला १० सेंमीच्या थोडा वर असतो. आतून १२ सेंमी व्यासाचे जॅकेट बसवल्यास तो सुमारे ३७ सेंमी होतो. सहा इंची मोटारीला मात्र अशा बोअरमध्ये जॅकेटपुरती जागा उरत नाही, तेथे मोटार शक्यतो चालू झऱ्याच्या वरच आणि तळापासून काही फूट उंच ठेवणे हाच मार्ग आहे. बोअर घेताना झरे कोणत्या फुटांवर लागले, हे म्हणूनच लिहून ठेवायला हवे. ते मशीनवाल्याला त्या दिवशी माहीत असते आणि वर्षभराने कोणालाच आठवत नाही.

सौर कृषिपंपांच्या योजनांतून आता बहुतांशी सरकारी खर्चाने मोठ्या संख्येने पंप बसत आहेत. तेथे विजेच्या दाबाची सबब चालणार नाही. पंप बसवल्यानंतरच्या अहवालात झऱ्यांची खोली, मोटारीची खोली, तळापासूनचे अंतर आणि जॅकेट बसवले की नाही, या चार नोंदी सक्तीच्या कराव्यात, त्यांची प्रत शेतकऱ्याला द्यावी आणि जेथे झरे वर आहेत तेथे जॅकेटचा खर्च पंपाच्या किमतीतच धरावा, अशी संबंधित विभागाला आपल्या दैनिकातून विनंती आहे.

— पाणबुडी मोटारींचा एक दुरुस्ती व्यावसायिक, मराठवाडा