पहिल्या रात्रीला सोबती हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२६ जूनला आपल्या कोल्हापुरात दोन गोष्टी एकाच दिवशी येतात : राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार पडतात, शाळेची पोरं व्यसनमुक्तीच्या घोषणा देत फेरी काढतात, शपथ होते. मी दरवर्षी कडेला उभा राहून ती शपथ पोरांबरोबर घेतो. येत्या श्रावणात माझी दारू सुटून नऊ वर्षं होतील. त्याआधीची दीड वर्षं मी स्टँडच्या आवारात आणि पाऊस नसला की पंचगंगा घाटावर झोपून काढली. धंद्यानं मी मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा. आधी उद्यमनगरात होतो, आता शिरोलीला एका फौंड्रीत आहे.

शपथेबद्दल माझी तक्रार नाही. पण शपथ घेऊन, उपचार घेऊन माणूस बाहेर पडतो त्या संध्याकाळी त्यानं जायचं कुठं आणि कुणाबरोबर, याची सोय आपल्या शहरात नीट लागलेली नाही. त्यासाठीच हे पत्र.

दवाखान्यातून माझी सुटी झाली तेव्हा आखाड संपत आला होता, गटारी दोन दिवसांवर होती. पाच दिवस सलाईन आणि गोळ्या झाल्या होत्या. हातात औषधाची चिठ्ठी आणि एक कागद. त्या कागदावर ‘नातेवाइकाची सही’ अशी एक ओळ होती, ती कोरीच राहिली. फाटकाबाहेर एक मामा उभे होते. मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलणारे हमाल. वॉर्डात दोनदा येऊन माझ्या कॉटवर बसून गेले होते. उपदेश केला नव्हता, फक्त स्वतः किती वर्षं पीत होते आणि शेवटी कुठं पडले होते ते सांगितलं होतं. मला बघून म्हणाले, “चल गा, च्या पिऊ.”

गाड्यावर त्यांनी चहावाल्याला सांगितलं, “ह्याचा च्या दोन गलासात अर्धा अर्धा दे.” माझा हात थरथरत होता. भरलेला ग्लास तोंडापर्यंत गेला नसता, चार लोकांच्या देखत अंगावर सांडला असता, आणि त्या लाजेपायी मी पुढच्या दहा मिनिटांत गुत्त्यात असतो. मामांचा हातही कधीकाळी तसाच हलत होता, म्हणून त्यांना ते सुचलं. नंतर स्टँडकडचा सरळ रस्ता सोडून त्यांनी मला लांबून फिरवून नेलं. का, ते मी विचारलं नाही. सरळ रस्त्यावर दारूची तीन दुकानं होती, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या रात्री त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत मामींनी आमटी-भात वाढला. निजताना मामांनी आपलं अंथरूण उंबऱ्याला लागून आडवं टाकलं. बाहेर जायचं तर मला त्यांना ओलांडून जावं लागलं असतं. रात्री दोनच्या सुमारास तलफ आली तेव्हा मी उठून बसलो, तसे तेही उठून बसले. काही बोलले नाहीत. तंबाखूची चिमूट मळत पहाटेपर्यंत बसून राहिले. अशा तीन रात्री गेल्या. माझी नऊ वर्षं त्या तीन रात्रींवर उभी आहेत, असं मी आजही मानतो.

ही रीत नवीन नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन या गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले मित्रच पुढं समुपदेशक म्हणून काम करताना दिसतात. आणि आपण कोल्हापूरकरांनी तर हे तालमीत पाहिलेलंच आहे. वस्ताद एक असतो, पण नव्या पोराला पहाटे उठवायला, त्याच्याबरोबर जोर मारायला, त्याचा खुराक चुकू न द्यायला आधी आलेला पैलवान लागतो.

दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली देशभराची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो, असं तिच्यात नोंदवलं आहे. म्हणजे उपचारापर्यंत पोचलेला माणूस आधीच दुर्मिळ, आणि त्यालाच आपण पाचव्या दिवशी रस्त्यावर परत सोडतो. १४४४६ हा सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे, चांगला आहे, घरच्या लोकांनी जरूर लावावा. पण स्टँडवर झोपणाऱ्याचा मोबाइल पहिल्या आठवड्यातच चोरीला गेलेला असतो किंवा विकून प्यालेला असतो.

आता बेघरांच्या निवाऱ्याबद्दल. शहरात लाख लोकांमागे एक, चोवीस तास उघडा निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखांच्या घरात होतं. निवारे किती आणि त्यात खाटा किती, हे महापालिकेनं जाहीर करावंच. पण खाटेइतकीच माझी मागणी तिथल्या माणसाची आहे. चार वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा एक पोरगा, वय चोवीस, अकरा दिवस न पिता राहिलेला, मी रात्री साडेनऊला एका निवाऱ्यात घेऊन गेलो. आधार कार्ड नाही म्हणून त्याला घेतलं नाही. ड्यूटीवरचा माणूस वाईट नव्हता, नियम सांगत होता. बाहेर धो धो पाऊस. माझी रात्रपाळी होती, मी त्याला स्टँडवर बसवून कामाला गेलो. त्या रात्री मी कामावर जायला नको होतं, हे मला अजून बोचतं. सकाळी आलो तर तो पिऊन पडला होता. आठ महिन्यांनी परत सापडला, पायाच्या जखमेत किडे झालेले. आज तो पुन्हा मागावर आहे, रोज रात्री नऊला फोन करतो आणि “दादा, आजचा दिवस गेला” एवढंच सांगतो.

माझं म्हणणं असं की प्रत्येक निवाऱ्यात रखवालदार आणि व्यवस्थापक यांच्या जोडीला एक पगारी सोबती असावा. स्वतः व्यसनातून आणि रस्त्यावरून बाहेर आलेला, निदान दोन वर्षं कोरडा राहिलेला. दवाखान्यातून बेघर माणसाला सुटी द्यायच्या आदल्या दिवशी निवाऱ्याला फोन जावा आणि सोबत्यानं फाटकावर हजर राहावं. आधार कार्ड, बँक खातं, जुन्या मालकाकडं नेऊन शब्द टाकणं ही कामं पुढच्या महिन्यात त्यानंच बरोबर फिरून करावीत.

पगारी का, असं आमचेच काही मित्र विचारतात. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधली सेवा बिनपैशाची असते आणि ती तशीच राहावी. मामांनी माझ्याकडून चहाचेही पैसे घेतले नाहीत. पण रात्री आठ ते सकाळी सहा जागणारा हमाल दुसऱ्या दिवशी ओझं उचलू शकत नाही, त्याची रोजी बुडते. एका गरीब घरानं दुसऱ्याला तीन रात्री सांभाळलं म्हणून शहरानं कायम त्याच्यावरच भिस्त ठेवायची, हे मला पटत नाही.

आणि एक सांगतो, कारण यात चूक झाली तर जीव जातो. सोबती हा डॉक्टर नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास होतात, माणूस दगावूही शकतो. अशाला निवाऱ्यात चादर देऊन निजवू नये, सरळ सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, न्यावं. सोबत्याला हे शिकवलं पाहिजे. त्यालाही आठवड्याला स्वतःचं मन मोकळं करायला जागा हवी, आणि एकाच्या गळ्यात वीस-वीस माणसं बांधू नयेत. मी स्वतः एकदा पाच जण अंगावर घेतले होते, तेव्हा माझीच झोप उडाली आणि मामांना मलाच धरून बसावं लागलं.

शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, कारण खेड्यातल्या पोराला शाळेत नाव घातलं तरी रात्री पाठ टेकायला जागा नसे. त्यातली काही दसरा चौकाभोवतीच उभी आहेत. जयंतीला तिथं जमणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी, शक्य झालं तर, हे पत्र वाचावं.

पुढं आखाड आहे. घरोघरी मटण शिजेल, त्र्यंबोलीची यात्रा होईल, शनिवारच्या पगारानंतर पार्ट्या होतील, आणि नुकती सोडलेली माणसं याच महिन्यात सर्वांत जास्त घसरतात. कायमची नेमणूक व्हायला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. निदान गटारीच्या आठवड्यात महापालिकेनं एका निवाऱ्यात सुरुवात करावी. त्या सात रात्री मी रजा टाकून येतो. माझ्याबरोबर आणखी चौघे यायला तयार आहेत.

आपला,
एक मोल्डर, कोल्हापूर
(नाव व पत्ता कार्यालयात दिला आहे. कृपया छापू नये.)