छापील तारखेवर पेन्सिलीची रेघ

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. पण तुम्ही ते अर्धं वाचून "बरं, पुरे, कामाला लाग" म्हणाला असतात. शिवाय त्या संध्याकाळी तुम्ही मला जे सांगितलंत ते गेल्या वर्षभरात मी निदान चौघांना ऐकवलंय, आणि चारही वेळा स्वतःची अक्कल म्हणून. तेव्हा हे उघड पत्र म्हणजे चोरीचा माल मालकिणीच्या दारात आणून ठेवणं आहे, असं समजा.

आपल्या ऑफिसात राजीनामा देऊन मला महिना झाला होता, नोटीस पिरियडचे तीन आठवडे उरले होते. नव्या नोकरीचं ऑफर लेटर हातात होतं. काम असं की जो तो म्हणत होता, पहिली दोन वर्षं मान वर काढायला मिळायची नाही. इथला शेवटचा दिवस आणि तिथला पहिला दिवस यांच्यामध्ये अकरा दिवस. त्या अकरा दिवसांवर दोघांचा डोळा होता. एक म्हणजे सहा वर्षं "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत ढकललेला मोठा प्रवास. दुसरं म्हणजे एक सर्टिफिकेशन कोर्स. तिथल्या टीम लीडने मुलाखत संपताना सहज म्हटलं होतं की ते करून आलात तर पहिल्याच मोठ्या प्रोजेक्टवर घेता येईल. कुणी सहज बोललेलं वाक्य किती दिवस डोक्यात भुणभुणतं!

खरं सांगायचं तर मी तुमच्याकडे सल्ला मागायला आलेच नव्हते. कोर्स करायचा हे मी ठरवून टाकलं होतं. "शहाणी आहेस" एवढं तुमच्या तोंडून ऐकलं की परत जाणार होते.

तुम्ही ऑफर लेटरची प्रिंट मागितलीत. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन ती शेवटपर्यंत वाचलीत, अटींचं पानसुद्धा, जे मी उलटूनही पाहिलं नव्हतं. मग पेन्सिलीचं टोक रुजू होण्याच्या तारखेवर टेकवून विचारलंत, "ही कुणी ठरवली?"

"त्यांनी."

"तू पुढची मागितलीस?"

"नाही. ते नाराज झाले तर?"

"विनंती म्हणून विचार, अट म्हणून नको. नाही म्हणाले तर हीच तारीख आहे की. पण आत्ता विचार, सही करून पाठवायच्या आधी."

आणि छापील तारखेवर एक बारीक रेघ मारून तुम्ही वर पाच आठवड्यांनंतरची तारीख लिहिलीत. तोवर मी प्रवास की करिअर म्हणून रात्र रात्र जागत होते, आणि या सगळ्या भांडणाचं मूळ असलेली तारीख बदलून मागता येते हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी मेल लिहिला चौदा ओळींचा. त्यातल्या सहा ओळी माफीच्या. तुम्ही तीनच ठेवल्यात: रुजू व्हायला आनंद आहे, आधीच ठरलेली वैयक्तिक बाब आहे म्हणून शक्य असल्यास ही तारीख मिळावी, नसल्यास मूळ तारखेला हजर राहीन. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, चार आठवडे चालतील. मी नाचत तुमच्या टेबलापाशी आले, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "फोनवरचं 'चालेल' मला दाखवू नकोस. सुधारित पत्र मागव." ते आलं तेव्हा कुठे तुम्ही हसलात.

आता हातात एकोणचाळीस दिवस होते, आणि मला वाटलं तुम्ही म्हणणार, जा, फिरून ये. तर तुम्ही माझी दोन्हीकडची कारणं तपासायला घेतलीत, आणि त्या बैठकीत माझं एकही कारण धड टिकलं नाही.

मी म्हटलं, ताजीतवानी होऊन रुजू होईन. तुम्ही म्हणालात, तो ताजेपणा पहिल्या सोमवारी संपतो, त्यासाठी एवढा खटाटोप नको. मला ते तुसडं वाटलं होतं. नंतर नेदरलँड्समधला एक अभ्यास वाचनात आला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. १,५३० लोक, त्यातले ९७४ सुट्टीवर गेलेले. जाण्याआधी ते बाकीच्यांपेक्षा खुशीत होते, पण परतल्यावर बहुतेकांच्या आनंदात न गेलेल्यांहून काही फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली तेवढेच काय ते थोडे वेगळे. म्हणजे तुम्ही एक सोमवार दिलात तोही उदारपणेच.

मग मी हुकमी एक्का काढला. गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेलं: केलेल्या गोष्टीची हळहळ आधी जास्त बोचते, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना माणसं न केलेल्या गोष्टींबद्दल जास्त हळहळतात. "म्हणजे गेलं पाहिजे ना?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "न केलेला कोर्स हेही न केलेलंच असतं."

यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

मग तुमचे दोन साधे प्रश्न. हा कोर्स नोकरीत राहून करता येईल का? येईल, संध्याकाळचे वर्ग असतात. आणि प्रवास? प्रोबेशनमध्ये सलग तीन-चार आठवड्यांची रजा कोण देणार? तिथे निकाल लागलाच होता, पण तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. "कोर्स प्रोजेक्टसाठी करतेयस की तिथले सगळे तुझ्यापेक्षा हुशार निघतील या धास्तीने?" मी पेन्सिलीकडे बघत बसले. घरच्यांनीही हे मला कधी विचारलं नव्हतं, कारण अभ्यास करणाऱ्या मुलीला का करतेस असं कुणीच विचारत नाही.

माझा प्रवासाचा आराखडा पाहून तर तुम्ही हसलातच. चोवीस दिवस, अकरा शहरं, प्रत्येक दिवसाच्या रकान्यात वेळा. "हे फिरणं आहे की डेडलाइन?" त्यातली आठ शहरं तुम्ही खोडलीत. युरोपही तिथेच गळला. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, निर्णय एरवी १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि अर्जासोबत नोकरीचे कागद लागतात. "एक सोडलेली, दुसरी अजून न धरलेली. कागद कुठल्या ऑफिसचे जोडणार?" मग ऑनलाइन व्हिसा मिळणारा देश निवडला. दुःख झालं, नाही असं नाही.

पैशांचा हिशेब मात्र मी जन्मात विसरणार नाही. मी फक्त प्रवासाचा खर्च मांडला होता. तुम्ही विचारलंत, इथला फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशेब, हातात कधी पडेल? तिथला पहिला पगार कधी होईल? बोटांवर मोजलं तर पैसे एकोणचाळीस दिवस नव्हे, जवळपास दहा आठवडे पुरवायचे होते. शिवाय इथला ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपणार, तिथला रुजू झाल्यावर सुरू होणार, म्हणजे मधल्या काळाचा विमा स्वतःचा स्वतः. आणि परतल्यावर सहा दिवस मोकळे. वेळेत साधारण पाच तासांचा फरक होता, येणं पूर्वेकडे, आणि शरीर ढोबळमानाने दिवसाला एखादा तास भरून काढतं. पूर्वेकडे येताना ते जास्तच कुरकुरतं. पहिल्या दिवशी मीटिंगमध्ये पेंगणारी मुलगी म्हणून ओळख व्हायला नको, हे तुमचे शब्द.

एवढं सगळं ऐकलं आणि एक नाही ऐकलं. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, हातात पडल्याशिवाय जाऊ नकोस, असं तुम्ही दोनदा बजावलं होतं. शेवटच्या दिवशी ते तयार नव्हतं, "पुढच्या आठवड्यात मेल करतो" म्हणाले, आणि मला विमानाची घाई. तेराव्या दिवशी एका छोट्या स्टेशनवर बसले होते. गाडी दोन तास लेट. बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा, मांडीवर झाकण बांधलेली टोपली, आत काहीतरी खुडबुडत होतं. काय आहे ते खुणेने विचारावं की नाही याचा मी विचार करत होते, तेवढ्यात फोन वाजला. नव्या नोकरीसाठी माझी आधीची माहिती पडताळणाऱ्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांचा मेल: रिलीव्हिंग लेटर तीन दिवसांत अपलोड करा. ऑफिसला लावलेले चारही फोन कुणी उचलले नाहीत. शेवटी लाज गुंडाळून तुम्हाला मेसेज केला.

"सांगितलं होतं" असं तुम्ही म्हणाला नाहीत. "बघते" एवढंच आलं. पाऊण तासाने पत्राचा स्कॅन आला, थोडा तिरका, कोपऱ्यात तुमचा अंगठा. नंतर कळलं की तुम्ही स्वतः दोन मजले उतरून गेलात, आणि सही होईपर्यंत सही करणाऱ्याच्या टेबलासमोरून हलला नाहीत. स्वतःच्या कामासाठी मी तुम्हाला कधी कुणाच्या टेबलासमोर उभं राहिलेलं पाहिलेलं नाही, मॅडम.

गाडी आली, आजोबा टोपलीसकट दुसऱ्या डब्यात चढले. आत काय होतं ते राहूनच गेलं.

नव्या नोकरीबद्दल लोक म्हणत होते ते खरं निघालं. मान वर काढायला मिळत नाही. तो पहिला मोठा प्रोजेक्ट सर्टिफिकेट असलेल्या दुसऱ्याच कुणाला मिळाला, तेव्हा दोन दिवस घास गोड लागला नाही, हेही लिहायला हवं. फिरून आल्याने सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर तुम्हीच पहिल्यांदा ते खोडाल. दुसऱ्या प्रोजेक्टवर घेतलं, सात महिन्यांनी.

कोर्सला आता नाव घातलंय. संध्याकाळचे वर्ग, आठवड्यातून तीनदा. दोन मॉड्यूल झालेत, तीन बाकी आहेत. परीक्षेची तारीख मात्र अजून नक्की केलेली नाही, त्यामुळे भेटल्यावर कृपा करून पहिला प्रश्न तो विचारू नका. आणि ती पेन्सिल त्या दिवशी माझ्याच फाइलमध्ये राहिली होती. येताना आणते.

तुमची,
खिडकीपाशी बसणारी