ल्युपसच्या रुग्णांची लघवीतपासणी साथीतही सुरू राहावी

महोदय,

मी गेली १४ वर्षे ल्युपसची रुग्ण आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा हा आजार त्वचा, सांधे, रक्त, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांपैकी कशालाही ग्रासू शकतो. कोविडच्या साथीत आमचे जे झाले, ते पुढच्या साथीआधी विचारात घेतले जावे, म्हणून हे लिहीत आहे.

२०२० च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने कोविड बरा होतो अशी हवा पसरली आणि आमची रोजची गोळी दुकानांतून दिसेनाशी झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ मार्चला दिलेली आपत्कालीन परवानगी १५ जूनला मागे घेतली. पण ही गोळी सुटली की ल्युपस पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो, याची आठवण त्या गदारोळात फार थोड्यांना राहिली. प्रतिकारशक्ती कमी होईल या भीतीने काहींनी स्टेरॉइडही आपल्या मनाने थांबवले. ते दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी बंद केले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

डॉक्टर त्या काळात फोनवर भेटत होते आणि त्यासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे. सांधेदुखी, पुरळ, ताप हे फोनवर सांगता येते. मूत्रपिंडाचा दाह मात्र बहुधा दुखत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि फेस दिसेपर्यंत किंवा पायांवर सूज येईपर्यंत रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच दर काही महिन्यांनी लघवी आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासतात. ‘तातडीची नाही’ या कारणाने माझी ही तपासणी सलग दोनदा रद्द झाली. तिसऱ्या वेळी ती झाली, तेव्हा प्रथिनांचे प्रमाण इतके वाढलेले होते की बायॉप्सी करावी लागली. लघवीचा नमुना घरून पाठवता आला असता, हे मला आजही सलते.

आरोग्य प्रशासनाला माझी विनंती आहे की, साथीच्या काळात पुढे ढकलायच्या तपासण्यांच्या यादीतून ही तपासणी वगळावी, नमुना घरून स्वीकारण्याची सोय करावी आणि ज्यांची औषधे आधीपासून सुरू आहेत त्यांच्यासाठी काही साठा राखून ठेवावा. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांचे लसीकरण वयोगटानुसार न ठरवता त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे, कारण त्या औषधानंतर अनेक महिने लसीमुळे पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत आणि त्या औषधाच्या दोन मात्रांमधली लसीसाठी योग्य वेळ डॉक्टरच साधू शकतात.

आपली,
एक ल्युपसरुग्ण