निर्णय घेण्यात आला आहे

सातारा,
8 फेब्रुवारी

प्रिय सुन्या,

फोनच करणार होतो, पण भोसरीतल्या त्या मशीनच्या आवाजात तू नुसता 'काय? काय?' करत बसला असतास. आमचं युनिट मार्चअखेर बंद होतंय. माल आता व्हिएतनामहून येणार.

सोमवारी पहिल्या पाळीला सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. पडद्यावर पहिलंच वाक्य, 'निर्णय घेण्यात आला आहे.' आपले व्याकरणाचे गुरुजी विचारायचे ना, कर्ता कोण? तासभर ऐकलं, कर्ता काही सापडेना. बाजार बदलला, कस्टमरने दर पाडले, खर्च परवडेना. सगळं आपोआप, अवकाळी पाऊस पडावा तसं. 'आपण एक कुटुंब आहोत' मात्र तीनदा झालं. अरे, घरात वाटणी करतानासुद्धा विचारतात.

ग्राइंडिंगचे मामा उठले. "साहेब, रिजेक्शन वाढलं का आमचं?"

"छे छे, तुमच्या कामाचा प्रश्नच नाही."

मामा बसले. त्यापेक्षा काम वाईट म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दिवाळीनंतर व्हिएतनामची चार पोरं पंधरा दिवस आमच्याकडे होती. कशासाठी, तर म्हणे अनुभवाची देवाणघेवाण. पार्टला बोअर मारताना आवाज बदलला की इन्सर्टची धार गेली समजायचं, हे मीच शिकवलं त्यांना. गुणी पोरं. निघताना कंदी पेढे दिले. त्यांच्यावर राग नाही, पण साहेबांना तेव्हाच ठाऊक होतं, ते खुपतं.

युनियनवाले म्हणतात, जुन्या कायद्यात 100 कामगार असले की बंद करायला सरकारची परवानगी लागायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आता आकडा 300. आम्ही 180. भरपाई वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. माझी 22 वर्षं, म्हणजे 330 दिवस. वर्षसुद्धा भरत नाही, आणि साहेब त्याला 'नव्या सुरुवातीची संधी' म्हणाले.

संध्याकाळी टपरीवर तेच साहेब भेटले. चहा घेता घेता खाली बघून म्हणाले, "एप्रिलनंतर माझंही काही खरं नाही." दिवसभरातलं तेवढंच एक वाक्य मला पटलं.

तुमच्याकडे सीएनसी मशीनवर कुणी हवा असेल तर बघ. वय 45, हे आधीच सांगून टाक. वहिनींना नमस्कार. 330 चा हिशोब घरी अजून बोललेलो नाही. इकडे फोन केलास तर तूही काढू नकोस.

तुझा,
बाळ्या