तक्रार बंद, नळ कोरडाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पहिल्या पानावर शहराच्या कारभाऱ्यांचं जे प्रगतिपुस्तक छापलं आहे, ते दोनदा वाचलं. विद्यार्थ्याने पेपर स्वतःच काढला, स्वतःच सोडवला, स्वतःच तपासला. पालकाची सही तेवढी आपल्या वृत्तपत्राने केली. अभिनंदन! किती किलोमीटर जलवाहिनी टाकली, किती टाक्या बांधल्या, किती निधी खर्ची पडला याची बेरीज त्यात आहे. नळाला पाणी किती वेळ आणि किती दाबाने येतं, हे मात्र पानभर शोधूनही सापडलं नाही.

'तक्रारी मुदतीत निकाली' असा यशाचा टक्का मिरवणाऱ्या चौकटीने तर कहर केला. हा आकडा कसा तयार होतो ते एकदा सांगायलाच हवं. समजा, सोमवारी एका गल्लीतून 'पाणी कमी दाबाने येते' अशी तक्रार ॲपवर पडली. मुदत २४ तासांची. कनिष्ठ अभियंत्याच्या पडद्यावर ती दिसते आणि मुदत संपत आली की लाल होते. लाल तक्रार साहेबांच्या आढाव्यात जाते, म्हणून त्याच्या आत तिची सोय लावली जाते. 'पाहणी केली, व्हॉल्व्ह तपासला' असा शेरा, सोबत कुठल्याशा चेंबरच्या झाकणाचा फोटो आणि पुढे 'निवारण झाले'. बुधवारी तोच माणूस पुन्हा तक्रार करतो. जुनी तक्रार उघडायची सोयच नसल्याने नवा क्रमांक पडतो. तीही बंद. शुक्रवारी तिसरी. शनिवारी एकदाचा कुणीतरी खड्डा खणतो, गंजून बुजलेला फेरूल (मुख्य वाहिनीतून घराच्या नळाला पाणी देणारा जोड) निघतो, तो बदलला की पाणी येतं. बिघाड एक, तो सहा दिवस चालला. संगणकात मात्र तक्रारी तीन, तिन्ही मुदतीत निकाली, यश १०० टक्के. दुरुस्ती जितकी रखडेल तितकी निकाली निघालेल्या तक्रारींची संख्या फुगणार, अशी ही मौज आहे.

इलाज फार अवघड नाही. तक्रारीचा क्रमांक सोडा, नळजोडणीचा क्रमांक धरा. त्याच जोडणीवरून (दिव्याची तक्रार असेल तर त्याच खांबावरून) १५ दिवसांत पुन्हा ओरड आली तर जुनीच तक्रार जिवंत झाली असं समजा आणि घड्याळ पहिल्या दिवसापासून मोजा. सरासरी वेळ छापूच नका. पाच मिनिटांत बंद केलेल्या शेकडो तक्रारी महिनाभर रखडलेल्या दहा तक्रारींना सरासरीत गिळून टाकतात. त्यापेक्षा दहातले नऊ बिघाड किती दिवसांच्या आत दुरुस्त झाले ते छापा. तक्रार बंद करण्याआधी नागरिकाकडून ओटीपी घ्यायचा, हा तोडगा कागदावर गोंडस आहे. प्रत्यक्षात 'आधी ओटीपी सांगा, मग माणूस पाठवतो' असा फोन येतो. बंद झालेल्यांतली दर पन्नासावी तक्रार काढावी आणि त्या खात्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाने फोन करून विचारावं, 'पाणी आलं का हो?' एवढा एक प्रश्न पुरे.

आणि 'तक्रारी घटल्या' याचा आनंद जरा जपून साजरा करावा. नवं ॲप आलं की तक्रारी वाढतात, लोकांनी आशा सोडली की घटतात. त्यावरून सेवा सुधारली की बिघडली, काहीच ठरत नाही.

आता पाणीपुरवठ्याचे तास. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह सकाळी उघडला आणि दुपारी बंद केला, की नोंदवहीत तेवढे तास पुरवठा झाला असं लिहितात. वाहिनी भरेपर्यंत, वाटेतल्या मोटारी पाणी ओढेपर्यंत शेवटच्या टोकाच्या घराला त्यातलं किती मिळालं, ते व्हॉल्व्हमनच्या वहीत येत नाही. मोजायचं तर टोकाच्या जोडणीवर दाब नोंदणारं यंत्र बसवावं, दर १५ मिनिटांनी नोंद घ्यावी आणि एकमजली घरासाठी १९९९च्या केंद्रीय नियमपुस्तिकेने ठरवलेल्या किमान ७ मीटर दाबाखाली (म्हणजे पाणी ७ मीटर उंच चढेल एवढ्या दाबाखाली) गेलेला वेळ हिशोबातून वगळावा. वहीतले तास झरझर उतरतील. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये काढलेल्या सर्व्हिस लेव्हल बेंचमार्कच्या पुस्तिकेत २४ तास पुरवठा, माणशी रोज १३५ लिटर ही मानकं आहेत, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच पुस्तिकेत प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी लावायला सांगितली आहे, ए पासून डी पर्यंत. ए म्हणजे नीट मोजलेला, डी म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. प्रसिद्धिपत्रक निघताना आकडा राहतो आणि श्रेणी गळते, दर वर्षी न चुकता.

बसचंही तेच. 'सरासरी दर १० मिनिटांनी बस' यात खोटं काही नसेल. पण एक बस २ मिनिटांनी आणि पुढची १८ मिनिटांनी आली तरी सरासरी १०च निघते. थांब्यावरचे बहुतेक लोक त्या १८ मिनिटांच्या खिंडारात अडकतात, आणि ५ मिनिटांच्या जागी सरासरी ८ मिनिटांवर ताटकळतात. आगारातून बस वेळेवर सुटली, ते प्रवाशाने काय चाटायचंय?

मूळ मुद्दा वेगळाच आहे. समजा, सगळे आकडे खरे निघाले. तरी ती सुधारणा यांच्या कारभाराची, हे कशावरून? पाऊस चांगला झाला की धरण भरतं आणि पाणी सगळीकडेच वाढतं. समजा, नवी वाहिनी टाकलेल्या भागात पुरवठा २ तासांवरून ३ तासांवर गेला आणि जिथे कुदळही पडली नाही तिथे २ तासांवरून २ तास ४० मिनिटांवर. मग वाहिनीच्या खात्यात २० मिनिटं जमा करायची, तासभर नव्हे. त्यातही एक मेख आहे: नव्या भागाचं पाणी शेजारच्या भागातून वळवलं असेल तर ती २० मिनिटंसुद्धा फसवी ठरतात. म्हणून दोन्ही भागांत शहराबाहेरून आलेलं एकूण पाणी किती, तेही सोबत मांडावं लागतं. शिवाय, सर्वांत वाईट वर्ष पाया म्हणून धरलं तर पुढचं कुठलंही वर्ष बरंच दिसतं. आणि आज फीत कापलेली टाकी मंजूर कुणी केली होती, हेही कधीतरी विचारा.

बदल झालेल्या आणि न झालेल्या भागांची ही तुलना आजची नाही. १८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नो यांनी नेमकं हेच केलं. दोन खासगी कंपन्यांच्या नळवाहिन्या एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी होत्या. त्यातल्या लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उपसण्याची जागा सांडपाण्याच्या वरच्या अंगाला नेली, साउथवर्क अँड वॉक्सॉलने नेली नाही. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे मृत्यू पहिलीकडे ३७, दुसरीकडे ३१५. रस्ते तेच, हवा तीच, फरक फक्त पाण्याचा. त्यासाठी कुठल्या घरात कुणाचं पाणी येतं हे दारोदार जाऊन विचारावं लागलं. आपल्या वार्ताहरांना एवढी पायपीट कुणी सांगत नाही. दहा नळ उघडून पाहिले तरी चालेल.

जाता जाता, बातमीसोबतच्या स्तंभालेखाबद्दल. उभा अक्ष ८० पासून सुरू केला की ९०चा खांब ८५च्या दुप्पट उंच दिसतो. आलेख काढणाऱ्याला शून्याचं वावडंच असेल, तर निदान अक्षावरचे आकडे भिंगाशिवाय वाचता येतील एवढे तरी मोठे छापा.

आपला,
एक नियमित वाचक